रॅक ट्यूनर नेमका कोठे जोडावा?

प्रश्न : धुळे-जळगाव भागात लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या गिटारसाठी रॅक ट्यूनर अ‍ॅम्प्लिफायरला कसा जोडावा?

उत्तर : रॅक ट्यूनर म्हणजे १९ इंची चौकटीत बसणारे, तारेच्या कंपनसंख्येवरून सूर दाखवणारे यंत्र, त्याला गिटारचा निर्भेळ संकेत मिळणे इष्ट असल्याने गिटारची केबल प्रथम ट्यूनरच्या इनपुटमध्ये आणि ट्यूनरच्या आउटपुटची केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये जोडावी, म्हणजे म्यूट, अर्थात आवाज पुढे न जाऊ देणारे बटण, दाबून श्रोत्यांना ऐकू न जाता सूर लावता येतो. व्हॉल्यूम पेडलला ट्यूनरसाठी वेगळे आउटपुट असल्यास तेही चालते. स्पीकर आउटपुटला मात्र ट्यूनर कदापि जोडू नये, कारण तेथील व्होल्टेज गिटारच्या संकेताच्या कित्येक पट असते आणि ट्यूनर जळण्याचा धोका असतो.

खानदेशात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, पोलादी तारा तापून सैल होतात व सूर उतरतो. म्हणून सूर वादनाच्या जागीच, मंचावर लावावा. साथीला हार्मोनियम असल्यास ४४० हर्ट्झच्या प्रमाणाचा आग्रह सोडून ट्यूनरचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा आधारसूर, हार्मोनियमशी जुळवावा, कारण तिचे सूर मंचावर बदलता येत नाहीत.