शिडाच्या नौकेवरील दिवस : पाणी, पहारा आणि पाळी

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून आपल्या इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली व सहा जणांचा मृत्यू झाला. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा भीमाकाठच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस वर्गात विचारले, ‘‘सर, त्या सहा जणी शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारून आल्या. मग आपल्या माणसांना एवढं पाणी का ओलांडता आलं नाही?’’ आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्या तासाला आम्हांस धड उत्तर देता आले नाही. नंतर वाचले, विचारले, आणि जे हाती आले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

विद्यार्थी ज्या सहा जणींविषयी बोलत होता त्या भारतीय नौदलाच्या अधिकारी. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्या १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी तेथेच परतल्या. एकूण २५४ दिवस. नौकेची लांबी अवघी ५६ फूट, म्हणजे आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढ्या होतील साधारण तेवढी. अंतर सुमारे २१,६०० सागरी मैल. हा आकडा विद्यार्थ्यांनी वहीत सोडवून पाहावा. पृथ्वीच्या परिघाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, आणि विषुववृत्तावरील एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. प्रतिभा जामवाल या त्यांच्यातील एक अधिकारी कुलूच्या डोंगरातल्या. समुद्र घराजवळ असावा लागतो असे नाही.

आता मूळ प्रश्न. खोल समुद्रात जाणाऱ्या शिडाच्या नौकेच्या तळाखाली जड धातूचा मोठा पंख बसवलेला असतो. वाऱ्याने शीड एका अंगाला लोटले की नौका कलते, पण हे पाण्याखालचे वजन तिला पुन्हा उभी करते. लाटा पार अंगावरून गेल्या तरी आत पाणी शिरू नये म्हणून वरचा भाग बंद करता येतो. आपल्याकडील होडी उघडी, उथळ तळाची. शांत पाण्यात ती उत्तम चालते. परंतु वळवाच्या दिवसांत वारा एकाएकी उठतो, रुंद जलाशयावर त्याला अडवणारे काही नसते, लाट आत येते, आणि घाबरलेली माणसे एका बाजूस सरकली की तोल गेलाच. शिवाय शिडाच्या नौकेवर वादळात बाहेर येणारा प्रत्येक जण पट्ट्याने नौकेला बांधलेला असतो व अंगात तरंगते जाकीट असते. ‘‘पोहता येतं’’ हे तेथे कारण म्हणून चालत नाही. आमच्या पाहण्यातील कित्येक होड्यांत जाकिटे नसतात, आणि जेथे असतात तेथे ती बसण्याच्या फळीखाली पडलेली असतात.

पण नौकेची बांधणी हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे तिच्यावरील दिनचर्येत आहे.

समुद्रावर रात्र झाली म्हणून नौका थांबत नाही. दिवसरात्रीचे चार-चार तासांचे पहारे पाडण्याची रीत फार जुनी आहे. ज्याचा पहारा असेल त्याने सुकाणू सांभाळायचे, वाऱ्याची दिशा पाहायची, दोर ताणायचे वा सैल करायचे, आणि क्षितिजावर दुसऱ्या जहाजाचा दिवा दिसतो का याकडे लक्ष ठेवायचे. वारा समोरून असेल तर नौकेस सरळ जाता येत नाही. कधी उजवीकडे, कधी डावीकडे तोंड करीत नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते, आणि दर वळणाला शीड फिरवावे लागते. स्वयंपाकाची शेगडी टांगलेली असते, नौका कलली तरी पातेले सपाट राहावे म्हणून. निजणारा माणूस खाली पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापड बांधतात. कपडे दिवसेंदिवस ओले राहतात. पिण्याचे पाणी मोजून वापरायचे. पाऊस आलाच तर शिडावरून ओघळणारे पाणी भांड्यांत धरायचे. परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला व तिला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जावे लागले.

अशा नौकेवर पहारा, स्वयंपाक, भांडी, सफाई ही सारी कामे पाळीने होतात. तेथे कामकरी वेगळा आणि प्रवासी वेगळा नसतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ ही शिडाची नौका एकट्याने हाकारली व मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ही गोव्यातच बांधलेली. एकट्या माणसाला पाळी वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते. स्वयंपाकीही तोच, कप्तानही तोच, झोपेचे तुकडे करून निजणाराही तोच.

नौकेवरचा माणूस जुन्या काळीही असाच कसोटीला लागत असे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. सहलीला गेलो की मुले शिडे मोजतात. आम्ही त्यांना मागच्या बाजूची भांडी पाहावयास सांगतो. समुद्रात चोहीकडे पाणी, तरी पिण्याचे पाणी रांजणातच. पाचव्या शतकाच्या आरंभी भिक्खू फाहियान सिंहलद्वीपाहून दोनशेहून अधिक माणसांच्या व्यापारी जहाजातून मायदेशी निघाले. दोन दिवसांनी वादळ सुटले, जहाजास गळती लागली. मागे बांधलेल्या लहान नावेत लोक धावले, तेव्हा आधी चढलेल्यांनी गर्दीच्या भयाने दोरच कापून टाकला. व्यापारी माल समुद्रात फेकू लागले. फाहियान यांनी आपली पाण्याची झारी व हात धुण्याचे भांडे टाकून दिले. भीती एवढीच की आपले ग्रंथही कोणी फेकून देईल. पुढच्या जहाजात तर आणखी भयंकर घडले. पुन्हा वादळ आले तेव्हा जहाजावरील ब्राह्मणांनी ठरविले की या श्रमणामुळेच संकट ओढवले, याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे. फाहियान यांच्या उपासकाने बजावले, ‘यांना उतरवाल तर मलाही उतरवा, नाहीतर मला ठार मारा.’ तेव्हा बेत बारगळला. त्या जहाजावर ५० दिवसांची शिदोरी होती, आणि सत्तर दिवस उलटले तरी जमीन दिसेना. स्वयंपाक खाऱ्या पाण्यात होऊ लागला, आणि गोडे पाणी माणशी दोन मापे वाटण्यात आले. पाणी कोणी वाटायचे आणि कोणाला किती, हा प्रश्न आपणां वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सारे वर्गात शिकवीत असतानाच एक पालक आम्हांस भेटावयास आले. वसतिगृहात मुलाला स्वच्छतागृह धुण्याची पाळी लावली म्हणून ते संतप्त होते. ‘‘माझ्या आज्यानं गावकीत हेच केलं, बापानंही केलं. पोरगं हितं शिकायला घातलंय,’’ असे ते म्हणाले. त्यांचा राग आम्हांस चुकीचा वाटला नाही. आम्ही त्यांना ‘तारिणी’ची पाळी सांगितली : जन्माने अंगावर पडलेले काम निराळे आणि प्रत्येकाच्या वाट्याला फिरून येणारे काम निराळे. ते शांतपणे ऐकून घेऊन भिंतीवरील तक्त्यापाशी गेले, सगळी नावे वाचली आणि म्हणाले, ‘‘यात गुरुजींचं नाव कुठाय?’’

ते नव्हते. पंचवीस वर्षे आम्ही हा तक्ता लावीत आलो, आणि त्यात शिक्षकांचे नाव कधी घातले नव्हते. पुढच्या सोमवारपासून आमचे नाव घातले. काही सहकारी नाराज झाले. दोघांनी आपण होऊन नावे दिली. त्या पालकांचा मुलगा आता दहावीत आहे व रविवारी पाण्याच्या टाकीचा हिशेब ठेवतो.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच देऊ शकलो. मात्र त्याने दुसरा प्रश्न काढला आहे, आणि तो आमच्या पुस्तकांत नाही : उजनीवर वारा कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने उठतो? कळाशी, पळसदेव, गंगावळण, भिगवण भागातील जे माजी विद्यार्थी व पालक मासेमारी करतात, त्यांनी आपला अनुभव तारखेसह लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवावा. आभाळ कसे दिसले की होडी काठाला लावता, तेही लिहावे. मुले त्याचा तक्ता करणार आहेत. तो कळाशीच्या काठावर लावण्यास परवानगी मिळावी म्हणून अर्ज लिहून ठेवला आहे.