गळाची काठी का मोडते?

गळाची काठी माशाच्या वजनापेक्षा धरणाऱ्याच्या चुकीमुळेच अधिक वेळा मोडते. मासा काठाशी आल्यावर काठी सरळ उभी केल्यास सारा भार बारीक शेंड्यावर पडतो. म्हणून काठी तिरपी धरावी, म्हणजे भार जाड बुडख्याकडे जातो. मोठा मासा काठीने न उचलता लहान जाळ्यात घ्यावा. गळ मुळ्यांत अडकल्यास काठीस हिसका देऊ नये. हातास फडके गुंडाळून दोरीच ओढावी. दोरी काठीहून कमी ताकदीची असावी. प्रसंगी दोरी तुटेल, पण काठी वाचेल.

काठीसाठी ३ वर्षांहून जून बांबू निवडावा. तो काही आठवडे पाण्यात भिजविल्याने त्यातील पिष्टमय अंश निघून जातो व भुंगा कमी लागतो. नंतर तो सावलीत वाळवावा.