चि. मुक्तास पत्र

चि. मुक्ता,


तोक्योच्या दमट उन्हाळ्यात गॅसपुढे उभं राहवत नाही, असं लिहिलंस. मग हियाशी चूका करायला शीक. उन्हाळ्यात गरम रामेनला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून सेंदाईच्या एका हॉटेलाने १९३७ साली या थंड नूडल्स काढल्या, असं सांगतात. आता जपानभर घरोघरी होतात.

कृती पाकिटावर असतेच. मी सांगते ते त्यामागचं.

रामेनच्या पिवळसर नूडल्स आण. त्यांत आपल्या पापडखारासारखा क्षार असतो, त्यानेच रंग आणि चिवटपणा येतो. भरपूर पाण्यात उकळ. गार झाल्यावर त्या आवळतात, म्हणून किंचित जास्त शिजव. मग चाळणीत ओतून नळाखाली दोन्ही हातांनी चोळून धू. आधी पाणी पांढुरकं येईल, बोटांना बुळबुळीत लागेल. तो पिठाचा लेप आहे. तो राहिला तर नूडल्सचा गोळा होतो. बोटांना स्वच्छ लागेपर्यंत धू, बर्फाच्या पाण्यात बुडव आणि मुठीने हलकं दाबून निथळू दे. पाणी राहिलं तर रस पांचट होतो.

रस आधीच करून फ्रीजमध्ये ठेव. दोन माणसांसाठी सोया सॉस, तांदळाचं व्हिनेगर आणि पाणी प्रत्येकी तीन मोठे चमचे, साखर दीड, भाजलेल्या तिळाचं तेल एक. साखर पुरती विरघळव. तेल तपकिरी, खमंग वासाचंच घे. इथून नेलेलं फिकं तेल फोडणीला ठेव.

काकडी आणि अंड्याची पातळ पोळी नूडल्सबरोबर चॉपस्टिकमध्ये यावी अशी लांब, बारीक चीर. टोमॅटोच्या फोडी कर. हॅमही घालतात; ते नको असेल तर उकडलेलं चिकन चालेल. सगळं वेगवेगळं मांड, रस खायला बसताना ओत. आधी ओतलास तर काकडीला पाणी सुटतं. डबा न्यायचा असेल तर रस वेगळ्या डबीत आणि डब्यासोबत बर्फाची पिशवी हवीच.

तर मुक्ता, या पदार्थात आचेपेक्षा पाण्याचं काम मोठं. उकळायला देशील तितकाच वेळ धुण्या-निथळण्याला दे. त्याचा कंटाळा असेल त्या दिवशी खुशाल दहीभात खा.

तुझी,
मावशी