दुखलं तर सांग

पनवेल
शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोललीस आणि ठेवता ठेवता हळूच विचारलंस, "मावशी, मालिशीला कपडे काढावे लागतात का गं?" तेवढ्यात मानसरोवर स्टेशन आलं, तुझी उतरायची घाई झाली आणि फोन कट. खांदा आखडलाय हे खरंच, पण तुझा जीव अडकलाय तो या प्रश्नात, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून लिहायला बसले. फोनवर या गोष्टी अर्ध्याच होतात, शिवाय तुझ्या खोलीतल्या दोघी कान टवकारून असतात.

आधी उत्तर देते. काढावे लागतात, पण किती, ते तू ठरवायचं. नीट जागा असेल तर बाई तुला खोलीत नेते, पलंग दाखवते आणि बाहेर जाते. या पलंगाला डोक्याशी एक गोल भोक असतं. पालथं झोपलं की तोंड त्यात जातं, म्हणजे मान एका बाजूला वळवून ठेवावी लागत नाही. तू एकटी असताना वरचे कपडे उतरवायचे, आतले अंगावर ठेवायचे आणि चादरीखाली शिरायचं. ती दार वाजवते, तू "या" म्हटल्यावर आत येते. पाठीवर हात चालू असेल तेव्हा पाठ उघडी, बाकी सगळं झाकलेलं. पाठ झाली की ती झाकायची आणि मग एक हात किंवा एक पाय बाहेर काढायचा. आमच्या फिजिओथेरपी विभागात नव्या मुलींना मी आधी चादर कशी सरकवायची ते शिकवायचे, हात कसा फिरवायचा ते नंतर. तुझं दुखणं मान-खांद्याचं आहे. सैल, बिनबाह्यांचा टी-शर्ट घालूनही ते काम होतं, फक्त तेल लागणार नाही. तुला तेच बरं वाटत असेल तर तसं सांग. कुणी तोंड वेडंवाकडं केलं तर चपला घाल आणि ये.

आता या "तसं सांग"वरच मला जास्त लिहायचंय.

आपल्याकडे मालिश म्हणजे सोसायची गोष्ट, हे आपण जन्मल्याच्या दहाव्या-बाराव्या दिवसापासून शिकतो. माझी आई, म्हणजे तुझी आजी, पंचक्रोशीत बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायला जायची. मी सहा-सात वर्षांची असताना तिच्याबरोबर जायचे. न्हाणीत पाट मांडून ती पाय लांब करून बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, आणि नडग्यांवर बाळ पालथं. शेजारी घंगाळ. कोमट खोबरेल तळहातावर घेऊन ती मानेपासून ढुंगणापर्यंत असा काही हात ओढायची की बाळाची कातडी लालेलाल. बाळ टाहो फोडायचं आणि बाहेर बसलेल्या सासवा समाधानाने म्हणायच्या, "रडू दे, रडलं की अंग सुटतं." मग नाक चिमटीत धरून ओढायचं, टाळूवर तेल थापायचं, कानात दोन थेंब. कानात-नाकात तेल घालू नका, असं बालरोगतज्ज्ञ आज घसा फोडून सांगतात. तुमच्या सोसायटीतल्या कुठल्याशा ग्रुपवरून ठरवलेली बाई अजूनही ते करतेच, हे मागच्या महिन्यात तुझ्या कामोठ्यातच पाहिलं. आईचा हात मात्र सोन्याचा होता, यात शंका नाही. पण त्या बाळाला कुणी विचारत नव्हतं आणि ते सांगू शकत नव्हतं. मोठेपणी आपण बोलायला शिकतो, पण पालथं झोपवलं की पुन्हा बारा दिवसांचे होतो.

तीस वर्षांत मी शेकडो बायकांच्या पाठीला हात लावला असेल. "दुखतंय का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही नाही, चालू द्या." आणि खाली पायाची बोटं मात्र आवळलेली! मी तोंडाच्या उत्तरावर कधी विश्वास ठेवला नाही, बोटांकडे पाहायचे. तूही स्वतःकडे तसंच लक्ष दे. श्वास अडला, जबडा आवळला, बोटं वळली, म्हणजे दाब जास्त होतोय. एक गोड दुखणं असतं, जिथे "हां, तिथेच" असं आपसूक तोंडातून येतं, तेवढं चालेल. त्यापुढचं नाही. दात आवळून सोसलं तर स्नायू सैल व्हायचा सोडून उलटा ताठ होतो, आणि बाई बिचारी "फार टाइट आहे" म्हणत आणखी जोर लावते.

हे मी शहाणपणाने सांगते आहे असं नाही. चाळिशीत माझा घोटा मुरगळला होता. डिग्री भिंतीवर टांगलेली असताना मी शेजारणीच्या आग्रहाने एका नस बसवणाऱ्याकडे गेले. त्याने अंगठा रोवून तळव्यापासून पोटरीपर्यंत नस "काढली". मी ओठ चावून गप्प. का, तर रांगेत मागे आठ माणसं बसली होती आणि त्यांच्यासमोर ओरडायची लाज वाटली. पंधरा दिवस पाय निळा-जांभळा होता. तुझे काका त्या पायाकडे बघून काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तिथे गेल्यावर आधी प्रश्न विचारतील. बीपी, शुगर, कुठलं ऑपरेशन, कुठल्या गोळ्या, दिवस राहिलेत का, तिळाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का. लाजून "काही नाही" म्हणू नकोस. तुला हे भरायला कागद दिला नाही आणि कुणी काही विचारलंच नाही, तर ती जागा तुझ्या कामाची नाही असं समज. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, ताप असेल, कातडीवर पुरळ-जखम असेल, तर तो दिवस नको. आणि एक लक्षात ठेव, कारण तू गावाहून बारा-बारा तासांचा बसप्रवास करून येतेस: एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर तिला चोळू द्यायचं नाही. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. तेव्हा सरळ डॉक्टर गाठायचा. खांद्याचंही तसंच. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतून वस्तू सुटत असतील, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर मालिश राहू दे. तुझ्या कामोठ्यात सायन-पनवेल महामार्गाला लागून एमजीएमचं एवढं मोठं रुग्णालय आहे, तिथे फिजिओथेरपीही आहे. आधी तिथे दाखव.

मान कुणाला मोडू द्यायची नाही, हे वेगळ्या ओळीत लिहिते. तुझा भाऊ केस कापून झाल्यावर सलूनवाल्याकडून दोन्हीकडे कटकन मान मोडून घेतो आणि वर "काय हलकं वाटतं" म्हणतो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या काही धमन्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते. झटका तरी कशाला, पार्लरमध्ये केस धुताना बेसिनवर मान मागे टाकून पडल्याने पक्षाघात झालेल्या बायकांबद्दल वाइनट्रॉब नावाच्या अमेरिकन मेंदुविकारतज्ज्ञाने 1993 साली लिहिलं होतं. क्वचित घडतं हे, घाबरायचं कारण नाही. पण ज्यात फायदा फक्त कट आवाजाचा, त्यासाठी क्वचितही कशाला?

तू पाठवलेला त्या जागेचा मेनू पाहिला. हॉटेलातल्यासारखाच आहे, निम्मे पदार्थ एकाच रश्श्यातले. 'स्वीडिश' म्हणजे तेल लावून लांब हात फिरवणं, मळणं, थोपटणं. नाव स्वीडनचं असलं तरी त्या हातांना फ्रेंच नावं देऊन ती पद्धत रूढ केली मेझगर नावाच्या डच डॉक्टरने, एकोणिसाव्या शतकात. 'डीप टिश्यू' म्हणजे कोपर आणि अंगठ्याने खोलवर दाब. पहिल्या खेपेला ते मुळीच घेऊ नकोस. 'थाई' जमिनीवरच्या गादीवर, अंगभर सैल कपडे घालून, बिनतेलाचं. त्यात तुझे हातपाय धरून ताणतात. युनेस्कोने 2019 मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. कपड्यांचाच प्रश्न असेल तर हा पर्याय आहे, पण खांदा आखडलेला असताना ओढाताण जपून. आणि शेवटी 'अभ्यंग', जे आपण दिवाळीच्या पहाटे कुडकुडत पाटावर बसून फुकट करून घेतो. त्याचं शास्त्र आपल्या पनवेलकरांना परकं नाही. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे 1872 पासून आहे. वाग्भटाने अभ्यंग रोज करा म्हटलंय, डोकं, कान आणि तळपाय विशेषकरून. पण त्याच ठिकाणी अजीर्ण झालेल्याने आणि कफ वाढलेल्याने करू नये, असंही बजावलंय. हे दुसरं वाक्य मेनूवर कुणी छापत नाही.

आता जरा अवघड विषय. आई तुला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते. 'स्पा' म्हटलं की लोकांच्या भुवया उंचावतात. काही ठिकाणी पाटीआड भलतेच धंदे चालतात, छापे पडतात, पेपरात येतं, आणि प्रामाणिकपणे पोट भरणाऱ्या मुली त्यात बदनाम होतात. ओळखायचं कसं? फोनवर विचार: करणारी बाईच असेल ना, शिक्षण काय, एका तासाचे किती, तेलाचे वेगळे का. सरळ उत्तरं आली तर जा. फिजिओथेरपिस्टची आपल्या राज्यात परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागितला तर राग यायचं कारण नाही. नुसत्या मालिशवाल्यांना तशी नोंदणी नाही, पण रीतसर शिकलेल्यांकडे प्रमाणपत्र असतं. तेवढं विचारायला संकोच कसला? तुझ्याकडे त्या चिकटून चिकटून उभ्या राहिलेल्या इमारती, खाली वडापाव, वर क्लास, त्याच्यावर पार्लर; अशाच एकीत ती जागा. म्हणून पहिल्या खेपेला मैत्रिणीला बरोबर ने, ती बाहेर बसू दे. आणि आत हात नको तिथे गेला, एकदा का होईना, तर "चुकून असेल" म्हणत पडून राहू नकोस. "थांबा" म्हण, ऊठ, चादर गुंडाळ, कपडे घाल, नीघ. पैशाचा विचार नंतर.

बाकी बारीकसारीक. झोप लागेल, घोरशील, पोट गुडगुडेल, डोळ्यांत पाणीही येईल. त्यांना सवय असते. ती बडबडी निघाली आणि तुला शांतता हवी असेल तर "मी जरा डोळे मिटते" एवढं पुरतं. झाल्यावर एकदम उठू नकोस, चक्कर येते. कुशीवर वळ, बस, मग उतर. तळवे तेलकट असतात आणि फरशी गुळगुळीत. एवढी सुखाची मालिश करून घेऊन न्हाणीघरात आपटलेल्या दोघींची मनगटं मी प्लॅस्टरनंतर हलवली आहेत. दुसऱ्या दिवशी अंग ठणकेल, व्यायाम केल्यावर ठणकतं तसं. दोन दिवसांत जातं. काळंनिळं पडलं तर मात्र दाब चुकला होता. "शरीरातली विषं निघून गेली, आता तीन लिटर पाणी प्या" असं सांगतील. तहान लागेल तेवढं पी, विषं काढायला मूत्रपिंडं बसली आहेत.

गुण किती येईल? कंबरदुखीवरच्या मालिशीचे 25 प्रयोग एकत्र करून कॉक्रेनच्या मंडळींनी 2015 मध्ये पाहिलं. थोड्या दिवसांपुरता आराम पडतो, पुढचं काही खात्रीने म्हणता येत नाही, असं निघालं. आयुष्यभर हेच काम केलेल्या मला ते वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. आम्ही रुग्णाला चोळून सैल करायचो ते व्यायाम करता यावा म्हणून. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा परळला केईएममध्ये निघाली 1953 साली. तेव्हापासून आमच्या धंद्यात निम्मं काम हाताचं आणि निम्मं रुग्णाकडून करून घ्यायचं. तू लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसतेस, तो फोटो मी पाहिलाय. एक तास कुणी कितीही छान दाबलं तरी उरलेले तास तू पुन्हा तशीच बसणार असशील, तर महिन्याला पगारातून हप्ता लाव. दोन जाड पुस्तकं लॅपटॉपखाली ठेव, कीबोर्ड वेगळा आण. खांदे कानांकडे चढवून सोडायचा तो व्यायाम मी रविवारी दाखवेन.

उद्याची वेळ साडेअकराची ना? मग इडल्या नऊच्या आत खाऊन घे, आणि दोनच. खाली वास सुटला म्हणून वडापाव घेशील, ते येताना. कानातले आणि साखळी घरीच काढून ठेव, खोलीतल्या खिडकीत नको, कपाटात. केस वर बांधायला जुना चाप ने, तेलाने चांगला खराब होईल.

तुझी,
मावशी

ता. क. तिने पाठ दाबायला घेतली की पायाच्या बोटांकडे लक्ष ठेव. रविवारी आल्यावर पहिलं तेच विचारणार आहे.