एकच स्पेलिंग, वेगळे अर्थ

इंग्रजीतील काही शब्दांचे स्पेलिंग एकच, अर्थ मात्र भिन्न असतात. भीमा-नीरेचा काठ म्हणजे ‘बँक’ आणि पीककर्ज देणारी संस्थाही ‘बँक’. बारामती-इंदापूरच्या शिवारातील ऊस ‘केन’, तशी वेताची छडीही ‘केन’. एल-ई-ए-डी ही अक्षरे ‘लीड’ अशी वाचल्यास नेतृत्व करणे, ‘लेड’ अशी वाचल्यास शिसे. मराठीतही ‘कर’ म्हणजे हात आणि घरपट्टीसारखी आकारणीही. म्हणून शब्द सुटा पाठ न करता वाक्यासह शिकावा. कर्जाच्या कागदावरील ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड नव्हे, व्याज. संविधानाच्या तिसऱ्या भागातील ‘राइट’ म्हणजे उजवा नव्हे, हक्क. परीक्षेत अर्थ चुकला तर गुण जातात. व्यवहारात चुकला तर जमीनही जाऊ शकते.