निळा साका

हरसूल भागातली भाताची कापणी-झोडणी उरकली, की पुष्कळ माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी गिरणाऱ्याला, कोणी दिंडोरीला, तर कोणी निफाडकडे द्राक्षांच्या बागांवर जातात. तेथे केवडा रोगावर एक निळे औषध फवारतात. त्याचे नाव बोर्डो मिश्रण. मोरचूद, चुना आणि पाणी, एवढ्या तीनच जिनसा त्याला लागतात.

हे औषध कालवण्याचे काम बहुधा मजुराकडेच येते. ते नीट झाले तर बाग वाचते. बिघडले तर पाने करपतात आणि बोल मजुराला लागतो. म्हणून औषध नीट झाले की नाही, हे ज्याचे त्याला ओळखता आले पाहिजे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका मावशींनी विचारले, "मोरचूद जहर. चुना जास्त झाला तर तोंड पोळतं. मग दोन्ही मिळून पानाला औषध कसं होतं?"

प्रश्न मोठा नामी होता. आम्ही काचेचे दोन पेले घेतले. एका पेल्यातल्या पाण्यात मोरचुदाचा हरभऱ्याएवढा खडा विरघळवला. पाणी निळे झाले, पण आरपार दिसत होते. दुसऱ्या पेल्यात चुन्याची निवळी घेतली. चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला होता, त्याचे वरचे स्वच्छ पाणी ते. दोन्ही पेल्यांत गाळाचा कणही नव्हता. हे आधी पाहून घ्यावे. पाणी मुळातच गढूळ असेल, तर मागाहून आलेला गाळ ओळखायचा कसा?

मग निळ्या पाण्याचे थोडे थेंब निवळीत टाकले. लगेच दूध नासावे तशा निळसर गुठळ्या दिसू लागल्या. थोड्या वेळाने त्या तळाशी बसल्या. अशा रीतीने खाली बसलेल्या गाळाला साका म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यालाच अवक्षेप म्हणतात.

दोन स्वच्छ पाण्यांतून हा गाळ आला कोठून?

आपल्याकडे साटेलोटे करतात ना? या घरची मुलगी त्या घरी जाते, त्या घरची या घरी येते. येथेही तसेच झाले. मोरचुदात तांबे आणि सल्फेट जोडीने नांदतात. चुन्याच्या निवळीत कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड नांदतात. दोन्ही पाणी एकत्र होताच जोडीदारांची अदलाबदल झाली. तांब्याला हायड्रॉक्साइड मिळाले. कॅल्शियमला सल्फेट मिळाले. या अदलाबदलीला पुस्तकात दुहेरी विस्थापन म्हणतात.

आता साका कोणत्या जोडीचा? कॅल्शियम आणि सल्फेट यांचे जिप्सम होते. ते पांढरे असते आणि थोडे असेल तर पाण्यात विरघळून राहते. आपला साका निळा आहे. म्हणजे तो तांब्याचा. तांब्याची ही नवी जोडी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती खाली बसली.

नुसत्या निवळीचे आणखी दोन पेले घेतले. एकात धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकले. साका आला, पण पांढरा. तो खडूसारखा पदार्थ होता. दुसऱ्यात मिठाचे पाणी टाकले. काहीच दिसले नाही. यावरून काय कळले? दोन पाणी मिसळली की साका येतोच असे नाही. नव्या जोड्यांतली एखादी न विरघळणारी निघाली, तरच तो येतो.

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. मोरचुदाचे तांबे पाण्यात मोकळे असते, तेव्हा ते पान जाळते. चुन्याशी साटेलोटे झाले, की ते साक्यात बांधले जाते. त्याचा पातळ थर पानावर बसतो आणि पावसाने सहज धुऊन जात नाही. त्यातून तांबे अगदी थोडे थोडे सुटते. तेवढ्याने केवड्याचे बी मरते, पान मात्र वाचते.

ही युक्ती फ्रान्स देशातल्या बोर्डो भागातली. चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून तिकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींना रोग कमी लागतो, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी 1882 साली पाहिले. 1885 साली त्यांनी ते जगाला सांगितले.

एक टक्क्याच्या मिश्रणासाठी 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना घेतात. दोन्ही निरनिराळ्या पाण्यांत कालवावे. चुना गार झाल्यावर गाळून घ्यावा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतावे आणि ढवळत राहावे. भांडे प्लॅस्टिकचे किंवा लाकडाचे असावे. लोखंडाचे नको.

पण वजन बरोबर असले म्हणजे झाले, असे समजू नका. उघड्यावर पडून चुना मरतो आणि कमी पडतो. म्हणून घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा त्या मिश्रणात थोडा वेळ धरावा. त्यावर तांबूस पूट चढले तर तांबे अजून मोकळे आहे असे समजावे. आणखी चुन्याचे पाणी घालावे आणि पुन्हा पाहावे. खिळा होता तसाच राहिला, तर फवारायला हरकत नाही.

मोरचूद विषारी आहे, हे विसरू नका. त्याचे भांडे खाण्यापिण्याला वापरू नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. उरलेले ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नये, कारण त्याने मासे मरतात.

उद्या मालक म्हणाला, "औषध झालं का रे?" तर नुसते "झालं" म्हणू नका. खिळा दाखवा.

प्रश्न
1. साका म्हणजे काय?
2. निळा साका तांब्याचा आहे, हे कशावरून ओळखले?
3. मिठाच्या पाण्याने साका का आला नाही?
4. खिळ्यावर तांबूस पूट चढले तर काय करावे?