अर्जुनाचा विषाद आणि आपली दिंडी

गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. आम्ही कीर्तनकार मंडळी हा अध्याय भरभर ओलांडून दुसऱ्यात शिरतो, कारण उपदेश तेथे आहे. मीही पुष्कळ वर्षे तेच केले. त्यात माझी एक मोठी चूक झाली, ती येथे सांगणार आहे.

आधी अर्जुन काय सांगतो ते पहा. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग कापते, कातडीची आग होते, धनुष्य हातात ठरत नाही, मन भोवंडते. लक्षणे सारी देहाची, घाव मात्र मनाचा. आणि हा कोणी भ्याड नव्हे, साक्षात् पार्थ! आता भगवंतांकडे पहा. साऱ्या पहिल्या अध्यायात त्यांच्या मुखी एकच वाक्य आहे, की हे जमलेले कौरव बघ. पुढे अर्जुन बोलतच राहतो, शेवटी धनुष्य टाकून रथात बसतो, तरी भगवंत मध्ये तोंड घालीत नाहीत. ज्याच्यापाशी पुढले सतरा अध्याय तयार आहेत, तो आधी सगळे ऐकून घेतो.

दुसऱ्याच्या आरंभी ते खडसावतात, हे खरे. पण त्या खडसावण्याने अर्जुन उठला का? नाही. त्याने पुन्हा आपले दुःख सांगितले, मला काही सुचत नाही म्हणाला, आणि गप्प बसला. खरा उपदेश त्याच्यानंतरचा आहे. माझी चूक नेमकी येथेच झाली.

आमच्या दिंडीत एक टाळकरी होता. आवाज खणखणीत. एका वर्षी तो गप्प झाला. पंगतीत पान तसेच ठेवी, रात्री सारे निजले की हा तंबूबाहेर बसलेला. फलटणच्या मुक्कामी मला म्हणाला, “महाराज, कशातच मन लागत नाही.” मी काय म्हणालो? “अरे, नाम घे, सगळे ठीक होईल.” आणि प्रवचनाला निघून गेलो. त्याचे वाक्य पुरते होण्याच्या आत माझा उपदेश झाला होता. गावी गेल्यावर घरच्यांनी त्याला अंगारे-धुपारे केले, मांत्रिकाकडे नेले. दिवाळीनंतर एका रात्री तो जिवाचे बरेवाईट करायला निघाला. शेजाऱ्याला जाग आली म्हणून वाचला.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, नामधारकाला असे व्हावेच कसे? अहो, १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ते दुःख आणि ती लाज त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितली आहे. त्यांनी लपविली नाही, आपण का लपवावी?

दुसरी शंका बाधेची. तिला उत्तर चरकाचार्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचा अध्याय आहे. तेथे ते म्हणतात की, जो आपल्याच कारणाने क्लेशात नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच कोणीही क्लेश देत नाही. म्हणून दोष त्यांच्या माथी मारू नये. आचार्यांनी ह्याला रोग म्हटले, औषध सांगितले. पाय मोडला तर आपण नुसते भजन करीत बसत नाही, हाड बसवून घेतो आणि भजनही करतो. तसेच हे.

तेव्हा दिंडीत, घरात, आळीत कोणी असा दोन आठवडे उदास दिसला, झोप-जेवण सुटले, तर त्याच्याजवळ बसावे आणि ऐकावे. “मरावेसे वाटते का रे?” असे सरळ विचारावे. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उलट ओझे उतरते. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार होतात. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा २०२२पासून आहे. रात्री-अपरात्रीही फोन करावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आणि साखळीने बांधून ठेवणे तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदच केले आहे, मग ते कोठल्या का स्थानी असेना.

उदासीच्या औषधाचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत “काही उपयोग नाही” म्हणून टाकू नये; बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नये. वारीत तर हे फार घडते. गोळ्या घरी राहतात, किंवा एकादशी म्हणून गोळीही वर्ज्य! औषधाने उपवास मोडत नाही. शिवाय काही गोळ्या अशा असतात की घाम फार गेला, पाणी-मीठ कमी पडले, तर बाधतात. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना चाल आणि उपवास दोन्ही सांगावे.

तो टाळकरी वर्षभराने पुन्हा दिंडीत आला. मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, “बाबा, त्या दिवशी मी ऐकले नाही. आज सांग.” तो बराच वेळ बोलला. कर्जाचे होते, भावाचे होते, आणखीही काही होते. मी मध्ये बोललो नाही; जड गेले, सवय बोलण्याची. आता तो गाथेच्या पिशवीतच गोळ्यांची डबी ठेवतो. रात्रीच्या गोळीची वेळ झाली की कीर्तन रंगात असले तरी आमचा विणेकरी त्याला मानेने खूण करतो.